उन्हाळ्यात टोमॅटोचं झाड हिरवंगार, पण सेटिंग (फळ धरणं) का नाही? उष्णता सोसण्याचं जेनेटिक्स

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत असं धरून लिहितो. पहिला, फेब्रुवारीत लागवड केली, झाडं छातीला लागली, पानं काळीभोर, पण एप्रिलमध्ये वरच्या झुपक्यांची फुलं गळून गेली. दुसरा, पानं गुंडाळणाऱ्या व्हायरसला रोखणारा टीवाय जीन जसा बियाण्यात आणतात तसा उन्हाचा जीन का आणत नाहीत. आणि तिसरा, सगळा प्लॉट मोकळा असताना दोन-तीन झाडं मालाने लगडलेली दिसली, त्यांचं बी धरलं तर चालेल का. तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, पण त्याचं उत्तर पहिल्या दोनांशिवाय नीट कळणार नाही म्हणून तो शेवटी घेतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, पानाने ऊन सोसणं आणि फुलाने ऊन सोसणं हे दोन वेगळे गुण आहेत आणि त्यांच्यामागचे जीनही बऱ्यापैकी वेगळे आहेत. टोमॅटोचं पान 38-40 अंशांत दुपारी मान टाकतं, पाणी मिळालं की संध्याकाळी उभं राहतं, म्हणून झाड बघून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण फळ धरायचं काम परागावर चालतं आणि अख्ख्या झाडात उन्हाला सगळ्यात नाजूक जागा तीच आहे, तीसुद्धा फूल उमललेलं असताना नाही, त्याच्या आधी, कळी हिरवी आणि बारीक असताना. साधारण उमलायच्या 8 ते 13 दिवस आधी पुंकेसराच्या आत पेशी विभागून परागकण तयार होत असतात, त्यांना पोसणारा टॅपेटम नावाचा एक पातळ थर असतो, त्या दिवसांत उष्णता वाढली की तो थर बिघडतो आणि परागाला साखर नीट पोचत नाही. चांगल्या परागात उमलायच्या तीनेक दिवस आधी स्टार्च भरपूर साठलेला असतो आणि उमलताना त्याची साखर होते, उन्हात वाढलेल्या परागात हा साठाच कमी पडतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी हे फार बारकाईने मोजून दाखवलंय, आणि ज्या जाती उन्हात फळ धरतात त्यांच्या परागात हा साठा टिकून राहतो हेही त्यांनीच दाखवलं.

म्हणजे आज गळालेल्या फुलाचं नुकसान आज झालेलं नाही. गळ दिसली की लोक त्याच दिवशी फवारणीला पळतात, पण कॅलेंडरमध्ये दीड-एक आठवडा मागे जाऊन तेव्हाचं तापमान बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

हे घरी बघता येतं. सकाळी 9-10 च्या सुमाराला पूर्ण उमललेलं फूल घ्या, खाली काळी काच किंवा बंद मोबाईलची स्क्रीन धरा आणि मधल्या पिवळ्या नळीला (ती पुंकेसरांची नळी) टूथब्रशच्या दांड्याने हलके टिचके मारा. जानेवारीतलं फूल असेल तर स्क्रीनवर पिवळसर पांढरी पूड पडते, एप्रिलच्या फुलातून काहीच पडत नाही किंवा नावापुरती पडते. आता नळीच्या टोकाकडे बघा. स्त्रीकेसर नळीच्या आत असेल तर ठीक, पण कडक उन्हात बऱ्याच वाणांत ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर आलेलं दिसतं, मग होती ती थोडी पूडसुद्धा त्याच्यावर पडत नाही. लॅबमध्ये आम्ही त्या पुडीवर अ‍ॅसिटोकार्माइन नावाचा लाल रंग टाकून मायक्रोस्कोपखाली बघतो, चांगला पराग गोल आणि लाल रंगतो, वाया गेलेला चुरमडलेला, फिका राहतो. उन्हाळ्यात एकाच वयाच्या दोन वाणांच्या स्लाइड शेजारी ठेवल्या तर कोणी काही सांगायची गरज उरत नाही.

परागाने काम केलं नाही की बीजांड फळत नाही, फळ धरायचा जो ऑक्झिनचा (झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाचा) सिग्नल असतो तो येत नाही आणि देठाच्या मध्ये जी गाठ असते तिथून फूल सुटतं. एनएए हे ऑक्झिनसारखं औषध फवारलं की फूल थांबतं ते यामुळेच, तुम्ही तो सिग्नल बाहेरून देता. पण परागाशिवाय थांबलेलं फळ बऱ्याचदा आतून पोकळ निघतं, दाबलं की बसतं, व्यापारी ते लगेच ओळखतो. आणि देठाला गाठच नसलेले वाण असतात त्यांनी प्रश्न सुटेल का असं कोणीतरी नेहमी विचारतं, नाही सुटत, तिथे मेलेलं फूल फक्त झाडाला लटकून राहतं.

आता रात्र. आपल्याकडे सगळे दुपारचा पारा सांगतात, रात्रीचा कोणी सांगत नाही. टोमॅटोला रात्र 15 ते 20 अंशांची लागते, ती 22-24 च्या वर सतत राहिली की दुपार 34 असली तरी सेटिंग घसरतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात झालेल्या कामात असं दिसलं की दिवस-रात्र मिळून सरासरी 25-26 वरून 29 वर गेली की फळधारणा एकदम खाली येते, आणि सरासरी हाच मुख्य आकडा. म्हणूनच जुन्नर-नारायणगावकडे दुपार तापली तरी डोंगराकडच्या गार रात्रीमुळे उन्हाळी प्लॉट निघतात आणि तोच वाण, तेच खत, तोच माणूस जळगावला नेला तर मे मध्ये रात्र 26 च्या खाली उतरत नाही आणि प्लॉट रिकामा राहतो. वाण खराब होता असं म्हणण्याआधी रात्रीचा आकडा बघा.

आता जीनचं बोलू. उष्णता वाढली की कुठल्याही पेशीत प्रोटीन वाकडी-तिकडी व्हायला लागतात, त्यांना सावरायला हीट शॉक प्रोटीन तयार होतात, एचएसपी70, एचएसपी101, छोटी एचएसपी17 वगैरे. ती कधी आणि किती तयार व्हायची हे ठरवणारे जीन वेगळे, त्यांना हीट शॉक फॅक्टर म्हणतात, टोमॅटोत असे वीसच्या वर आहेत. त्यातला एचएसएफए1ए हा मुकादम, तो हाक मारतो तेव्हा बाकीचे कामाला लागतात. जर्मनीत फ्रँकफर्टच्या गटाने 2002 च्या आसपास हा एक जीन दाबून टाकलेली झाडं केली, ती साध्या हवेत अगदी नेहमीसारखी वाढली पण उष्णता दिल्यावर टिकली नाहीत. दुसरा महत्त्वाचा एचएसएफए2, हा आधी थोडं ऊन लागलेलं असेल तर पुढच्या मोठ्या तडाख्याला झाड तयार ठेवतो आणि परागाच्या सुरवातीच्या अवस्थेत याचं काम फार मोलाचं आहे. गंमत म्हणजे (आणि मला हे वाचलं तेव्हा वाईटही वाटलं) रानटी टोमॅटोत या एचएसएफए2 ची जी रूपं मिळतात तशी आजच्या लागवडीच्या टोमॅटोत नाहीत, त्याच्या आरएनएची (जीनवरून निघणाऱ्या कामाच्या प्रतीची) कापणी-जोडणी बदललीय, आणि रानटीच्या बाजूला उन्हाची तयारी जास्त चांगली आहे. माणसाने मोठं, लाल, गोड फळ निवडत आणलं त्या प्रवासात हे मागे सुटलं. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, पेरू-इक्वाडोरचा, मग मेक्सिकोत माणसाळला, युरोपात गेला आणि तिथून जगभर. तेवढ्या वाटेत त्याची विविधता गाळत गाळत फार थोडी उरली.

मग हा जीन घ्या आणि टाका, असं का होत नाही? टीवायचं बघा. टीवाय-1 आणि टीवाय-3 हे एकाच जीनचे प्रकार आहेत, सहाव्या क्रोमोझोमवर, सोलॅनम चिलेन्स या रानटी जातीतून आलेले. एक जीन, एक काम. मार्कर (जीन ओळखायची डीएनएची खूण) लावला, रोप दोन पानांचं असताना पानाचा तुकडा घेऊन कळतं की आहे की नाही. उष्णतेचं तसं नाही. पराग जिवंत राहणं, पराग किती तयार होणं, स्त्रीकेसर आत राहणं, फुलं किती येणं, धरलेलं फळ मोठं होणं, हे सगळे वेगळे गुण आणि प्रत्येकामागे अनेक जीन, थोडा थोडा वाटा देणारे. नेदरलँड्समधल्या एका गटाने 2017 मध्ये उष्णतेत वाढवलेल्या झाडांवर, हे जीन क्रोमोझोमच्या कुठल्या तुकड्यांत बसलेत ते शोधलं, परागाच्या जिवंतपणाचा एक मोठा तुकडा 11 व्या क्रोमोझोमवर मिळाला, स्त्रीकेसर बाहेर येण्याचा पहिल्यावर, म्हणजे एकाला दुसऱ्याची खबर नाही. तुमच्या झाडात परागाचा चांगला तुकडा असेल पण स्त्रीकेसर बाहेर येत असेल तर सेटिंग शून्यच. त्यात अजून एक अडचण, एका क्रॉसमध्ये मिळालेला तुकडा दुसऱ्या क्रॉसमध्ये, दुसऱ्या तापमानाला तेवढा चालत नाही. टोमॅटोचा पूर्ण जीनोम 2012 मध्येच वाचून झाला, 12 क्रोमोझोम, सुमारे 35 हजार जीन, त्यात आपल्या दिल्लीच्या संस्थांनी पाचव्या क्रोमोझोमचं काम केलं. नकाशा हातात आहे, पण इतके बारीक वाटे एका रोपात गोळा करणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे.

आणि असे जीन असलेली झाडं मुळातच कमी. तैवानच्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरने (तेव्हा त्याला एव्हीआरडीसी म्हणायचे) 1970 च्या दशकात चार हजारांवर नमुने उष्णतेत लावून बघितले, त्यातले एक टक्कासुद्धा नीट टिकले नाहीत. फिलिपिन्सचा नागकार्लांग, टेक्ससचा सॅलाडेट, अशी मोजकी नावं. त्यातूनच पुढे सीएल5915 सारख्या लाइन आल्या आणि आजही उष्णकटिबंधातल्या कितीतरी संकरांत त्यांचं रक्त आहे. पण या लाइनचं फळ लहान. उष्णतेत सेटिंग चांगलं असणाऱ्या झाडाचं फळ बहुतेक वेळा लहान निघतं, आणि आपल्या मार्केटला कॅरेटमध्ये एकसारखा, कडक, 80-100 ग्रॅमचा माल पाहिजे. ब्रीडरचं अर्धं आयुष्य या एका गाठीत जातं, सेटिंग ओढलं की साइज सुटते, साइज ओढली की सेटिंग सुटतं.

संकरात अजून एक गोष्ट येते. टीवाय जीन आई-बाप दोघांपैकी एकात असला तरी एफ1 मध्ये, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीत, काम भागतं. उष्णतेच्या जीनांचा मोठा भाग बेरजेने चालतो, म्हणजे एकच पालक ताकदवान असेल तर संकर मधेच कुठेतरी लटकतो. मी जे संकर उन्हाळ्यात खरे उभे राहिलेले बघितलेत त्यांचे दोन्ही पालक स्वतः उन्हात फळ धरणारे होते. म्हणून बियाणं घेताना पाकिटावरच्या "हीट टॉलरंट" या दोन शब्दांवर थांबू नका, विक्रेत्याला किंवा कंपनीच्या माणसाला सरळ विचारा, काय टॉलरंट, पान की सेटिंग, रात्री किती अंश असताना ट्रायल घेतली, आणि चौथ्या-पाचव्या झुपक्यात किती फुलांना किती फळं. ज्याच्याकडे ट्रायल आहे तो सांगतो. सरकारी वाणांत दिल्लीच्या आयएआरआय या कृषी संशोधन संस्थेचा पुसा सदाबहार हा रात्रीच्या कमी आणि जास्त दोन्ही तापमानात फळ धरण्यासाठीच काढलेला आहे, पुसा हायब्रिड 1 उन्हाळ्यासाठी, बंगळूरच्या आयआयएचआर या फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का विकास उष्णता आणि पाण्याचा ताण दोन्हीसाठी. लांबच्या मार्केटला हे माल म्हणून कमी पडतील, पण क्रॉसिंगसाठी आणि गावाजवळच्या बाजारासाठी त्यांना मी कमी लेखत नाही.

अजून एक गोष्ट, जी फार कोणी सांगत नाही. उष्णता फक्त परागावर येत नाही, ती तुमच्या झाडात आधीच असलेले काही जीनही बंद पाडते. सूत्रकृमीला (मुळांवर गाठी करणाऱ्या बारीक कृमीला) रोखणारा एमआय-1 जीन, पेरुव्हियानम या रानटी जातीतून आलेला, जमिनीचं तापमान 28 च्या वर गेलं की नीट काम करत नाही. म्हणजे पाकिटावर सूत्रकृमी प्रतिकारक लिहिलेलं खरं असतं, पण एप्रिलच्या तापलेल्या बेडमध्ये मुळांवर गाठी दिसल्या तर तेही खरं असतं. सेटिंग पडलंय असं वाटत असेल तेव्हा एक-दोन झाडं उपटून मुळं बघाच. रंगाचंही तसंच, 30-32 च्या वर लायकोपीन, म्हणजे टोमॅटोचा लाल रंग, तयार व्हायचं मंदावतं आणि पिवळा रंग चालू राहतो, म्हणून उन्हाळी माल नारिंगी पडतो, खांदे पिवळे राहतात. ते लगेच व्हायरस म्हणून मोजू नका.

परागाची भानगडच नको, पराग नसतानाच फळ धरलं तर, असाही एक मार्ग आहे. सेव्हेरियानिन नावाच्या रशियन वाणात पॅट-2 नावाचा जीन आहे, त्याने बिनबियांचं फळ धरतं. आणि 2017 मध्ये इस्रायलच्या लोकांनी एसएलएजीएल6 हा जीन क्रिस्पर या जीन-एडिटिंगच्या तंत्राने बंद केला, तर झाड उष्णतेत परागाशिवाय फळ धरायला लागलं आणि फळाचं वजन-आकार नेहमीसारखा राहिला. मला सध्या सगळ्यात जास्त आशा याच्याकडून वाटते, कारण इथे वीस तुकडे गोळा करायचे नाहीत, एक जीन बंद करायचा आहे. आपल्याकडे मार्च 2022 मध्ये केंद्राने बाहेरचा जीन न घालता केलेल्या एडिटिंगला जीएमच्या कडक नियमांतून बरीच सूट दिली आणि 2025 मध्ये अशा पद्धतीचे भाताचे दोन वाण जाहीरही झाले. टोमॅटोत ही वाट आता उघडी आहे. बिया नसल्या की फळातला रस, चव, टिकाऊपणा कसा राहतो हे मात्र आपल्या उन्हात, आपल्या मार्केटमध्ये बघावं लागेल.

आता तुमची ती दोन-तीन झाडं.

तुम्ही एफ1 संकर लावला होता. एफ1 ची सगळी झाडं जेनेटिकली सारखीच असतात, त्यामुळे शेजारचं झाड रिकामं आणि हे लगडलेलं, तर फरक बहुतेक जागेचा असतो. बांधावरच्या झाडाची दुपारची सावली, ड्रिपची जास्त टपकणारी जागा, शेडनेटच्या कडेची ओळ, मातीचा गार पट्टा. आधी हे तपासा. मग फळ, पान, झाडाची ठेवण शेजाऱ्यांसारखीच आहे का बघा. फळाचा आकार वेगळा असेल तर ते झाड भेसळीचं किंवा बियाण्याच्या प्लॉटमध्ये क्रॉस न झालेलं असू शकतं, आणि मग ते खरंच वेगळं आहे, टाकून देऊ नका. मग एक फळ कापा. आत बिया भरपूर असतील तर पराग जिवंत होता, त्या झाडाने उष्णता सोसली किंवा त्याला ती लागलीच नाही. बिया नाहीत आणि कप्पे पोकळ, तर ते फळ परागाशिवाय थांबलेलं, तिथे बी धरायचा प्रश्नच येत नाही.

जागेचा फरक की झाडाचा, याची एक सोपी परीक्षा आहे. टोमॅटोचा बगलेतला फुटवा कोकोपीटमध्ये आठवड्या-दीड आठवड्यात मुळं धरतो. त्या झाडाचे चार-पाच फुटवे आणि साध्या झाडाचे चार-पाच फुटवे लावून ठेवा, मे मध्ये ऊन असेपर्यंत उघड्या जागी शेजारी-शेजारी वाढवा. बी नाही, क्रॉस नाही, तेच झाड परत. तिथेही फरक दिसला तर तुमच्या हातात काहीतरी आहे.

बी धरायचंच असेल तर कायद्याची अडचण नाही, 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी धरायचा, लावायचा हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. पण एफ1 चं बी लावलं की पुढच्या पिढीत सगळं फुटतं, फळाचा आकार, कडकपणा, सगळं. टीवाय एकाच पालकाकडून आला असेल तर दर चार रोपांत एकात तो नसेलच, आणि उन्हाळ्यात तो व्हायरस पसरवणारी पांढरी माशी असताना ते रोप सेटिंगपर्यंत पोचणारच नाही. आणि उष्णतेसाठी समजा पाचच जीन लागत असतील तरी पाचही दोन्ही बाजूंनी जुळलेलं रोप 1,024 मध्ये एक. म्हणून पहिल्या वर्षी परिपूर्ण झाड शोधायचं नसतं, बरी झाडं शोधायची असतात. दोन-अडीचशे रोपं लावा, लागवड अशी धरा की फुलं नेमकी एप्रिलच्या शेवटी येतील, दुसऱ्या ते पाचव्या झुपक्याला दोरा बांधून फुलं मोजा, नंतर फळं मोजा, शेतात मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर टांगा. एकट्या झाडावर उष्णतेचा गुण फार फसवतो, आज चांगलं दिसलेलं झाड पुढच्या वर्षी साधं निघतं, म्हणून चांगल्या दहा-पंधरा झाडांचं बी वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा, एकत्र मिसळू नका, आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक पुडीची पंधरा-वीस झाडांची एक ओळ लावा. मग झाड बघायचं नाही, ओळीची सरासरी बघायची. ज्या ओळीची सरासरी चांगली तिच्यातलीच झाडं पुढे न्यायची. हिवाळ्यात एक पिढी बी वाढवायला घेता येते, वेळ वाचतो, पण निवड हिवाळ्यात करू नका, थंडीत सगळ्याच ओळी चांगल्या दिसतात.

तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ओळींमध्ये फरक डोळ्याने दिसायला लागतो. तेव्हा त्यातल्या बऱ्या ओळी पुसा सदाबहारसारख्या वाणाशी क्रॉस करून बघा. आणि त्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, ती दोन-तीन झाडं उभी असतील तर प्रत्येकाचं फळ वेगळं तोडा, वेगळं धुवा, सावलीत वाळवा आणि पुडीवर झाड शेतात कुठे होतं ते लिहून ठेवा.